देवाची फुटलेली भांडी

ये, अशी जवळ सरक बघू. तू तिकडे सनीव्हेलला आणि मी इकडे नेपरव्हिलला, मधे अर्धी अमेरिका पसरलीये, हे मला ठाऊक आहे गं. पण मला लिहिता येतं ते बोलल्यासारखंच, आणि बोलायचं तर समोरचं माणूस हाताशी लागतं. सरकलीस? आता आधी कान पकडते तुझा. परवा फोनवर काय म्हणालीस? "मावशी, तुमच्या शेजारी तो ज्यूंचा जादूगार राहायचा ना, त्याची गोष्ट लिहा ना." जादूगार! जीभ चाव आधी. एवढी शिकलीस, कॉम्प्युटरवर काम करतेस, आणि बोलतेस मात्र आमच्या त्या वेळच्या भिशीतल्या बायकांसारखं. त्या बायका तरी मराठी शाळेतून थेट स्नोमध्ये येऊन पडलेल्या होत्या. तुझं काय?

गोष्ट सांगते. नावं मात्र कुणाची घेणार नाही.

ऐंशी सालानंतरची ती वर्षं. आपली माणसं इथे तेव्हा मोजकीच. कुणाच्या घरी कढीपत्ता हिवाळ्यात जगला तर त्याची बातमी व्हायची. आमच्या उजव्या हाताला एक ज्यू जोडपं राहायला आलं, मुलगा जवळ राहतो म्हणून. तो हायस्कुलात गणित शिकवून रिटायर झालेला, लांब पांढरी दाढी, पँट पोटाच्या वर. ती बुटकी, गोल आणि माझ्यापेक्षा जास्त बोलणारी. म्हणजे विचार कर! आमची गट्टी जमायला एक आठवडाही लागला नाही.

त्यांचा शनिवार फार कडक. दिवे लावायचे नाहीत, विझवायचे नाहीत, गाडी नाही, फोन नाही, पेन हातात धरायचं नाही. प्रार्थनेची जागा चालत जाण्याइतकी जवळ नव्हती, म्हणून म्हातारबाबा शनिवारी घरातच असायचे. बरं, दुसऱ्याला 'दिवा बंद कर' असं सांगायचंही नाही म्हणे. मग म्हातारीबाई आमच्या किचनच्या दारात येऊन हवेत बघून म्हणायची, "काय बाई, आमच्या बेसमेंटमध्ये फारच उजेड आहे." मी समजायचे आणि जाऊन बटण दाबून यायचे. आमच्या सोवळ्यातही अशा चोरवाटा होत्याच की. मला त्यात काही नवल वाटलं नाही.

नवल वाटलं ते त्याच्या पोथीचं. काळ्या पुठ्ठ्याचं जाडजूड पुस्तक, उजवीकडून डावीकडे वाचायचं. उन्हाळ्यात मागच्या डेकवर बसून तो ते अर्धवट गात वाचायचा, डोलत. अगदी आपल्याकडे श्रावणात पोथी लावतात तसं. एकदा कुंपणावरून मी विचारलं, "कशाची हो ही पोथी?"

तो म्हणाला, "देवानं जग केलं तेव्हा नेमकं काय बिघडलं, त्याची."

मी हातातला पाइप तसाच सोडून दिला. टोमॅटोत तळं झालं. आमच्या पोथ्यांमध्ये राक्षस बिघडवतात, माणसं बिघडवतात, फार तर एखादा ऋषी शाप देतो. देवाच्याच हातून बिघडलं, हे एवढ्या शांतपणे चष्मा पुसत कुणी सांगितलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

"ही आमची आतली विद्या," तो म्हणाला. "जुने लोक म्हणायचे, चाळिशी उलटल्याशिवाय, लग्न झाल्याशिवाय आणि पोटभर जेवल्याशिवाय याला हात लावू नये."

"तिन्ही झालंय माझं," मी म्हटलं. "सांगा."

"बायकांचं त्यांनी काही म्हटलंच नाही. विचारायचंच विसरले बहुतेक." आतून म्हातारीबाई ओरडली, "विसरले नाहीत. घाबरले!"

हे मी हसत हसत भिशीत सांगितलं. झालं! पुढच्या भिशीपर्यंत ते कुठल्या कुठे गेलं होतं. एक म्हणाली, "ते आकड्यांवरून मरणाची तारीख सांगतात." दुसरीनं कुठेसं वाचलं होतं की ते मातीचा माणूस करतात आणि कपाळावर अक्षरं लिहून त्यात जीव घालतात. मी म्हटलं, "मग एक आमच्याकडे पाठवून द्या, ड्राइव्हवेवरचा स्नो काढायला." सगळ्या हसल्या, पण हसताना एकमेकींकडे बघत होत्या. त्याच सुमाराला मॉलमधल्या पुस्तकांच्या दुकानात स्फटिक, भविष्याचे पत्ते, 'तुमच्या नावाचा गुप्त अंक' असली पुस्तकं एका शेल्फावर मांडलेली असायची, आणि त्यातल्या निम्म्यांवर ज्यूंची अक्षरं छापलेली. आमचे हे डॉक्टर. त्यांनी एका वाक्यात निकाल लावला. "बुवाबाजीला धर्म नसतो." म्हणजे तेही चुकलेच, पण ते मला मागाहून कळलं.

भिशीत एक धाकटी होती. सगळ्यात लहान, म्हणून तिला धाकटीच म्हणते. नवरा इंजिनियर, भला माणूस, पण बायकोचं रडणं ऐकलं की गॅरेजमध्ये जाऊन गाडी पुसणारा. तिची दोन बाळं पोटातच, पाचव्या महिन्यात गेली होती. दोन्ही वेळा काही दुखलं नाही, खुपलं नाही, आणि अचानक सगळं संपलं. आता तिसऱ्यांदा दिवस होते. या वेळच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की पिशवीचं तोंड वेळेआधी उघडतं, तिथे टाका घालून ते बांधून ठेवू, आणि मग पडून राहायचं. सोमवारची वेळ ठरलेली. सांगलीहून सासूबाईंचा ट्रंककॉल आला, "पोटाला सुई लावू देऊ नकोस. आधीच दोन घालवलीस."

हे सगळं मला माहीत होतं. ती काय करून बसेल हे मात्र माहीत नव्हतं.

शनिवारची सकाळ. ऑक्टोबर होता, मी पुढच्या अंगणात पानं ओढत होते. धाकटीची गाडी कर्बला घासतच थांबली. उतरली ती हातात पिशवी. पिशवीत नारळ, हळदकुंकवाच्या पुड्या, कोरा कागद, पेन आणि मॉलमधलं ते पुस्तक.

"काकू, मला त्यांच्याकडे न्या. आत्ता."

"अगं, आज शनिवार. त्यांचा..."

"म्हणून तर आले! असली कामं शनिवारीच लागू पडतात. माझी आई मारुतीला तेल शनिवारीच घालायची." तिनं पिशवीतलं पुस्तक काढलं. "मी पुस्तकावरून माझ्या नावाचा आकडा काढला, काकू. फार वाईट निघाला. त्यांनी नीट बघून सांगू देत. चांगला असेल तर सोमवारी जाईन. नाहीतर अपॉइंटमेंट कॅन्सल."

माझ्या हातातलं दाताळं खाली पडलं. पोटातलं मूल, आणि ते ठरणार मॉलमधल्या पुस्तकाच्या बेरजेवर! मी बोलले तिला, खूप बोलले. यांना फोन करते म्हटलं. ती म्हणाली, "डॉक्टरांनी दोन्ही वेळा 'एव्हरीथिंग इज नॉर्मल' म्हटलं होतं." तेवढ्यात ती चालायलाही लागली होती.

दार म्हातारीबाईनं उघडलं. धाकटीनं वाकून नमस्कार केला, नारळ म्हातारबाबांच्या हातात दिला आणि कागद-पेन पुढे केलं. ते बोलले ते सगळं इंग्रजीत. मी आपलं मराठीत सांगते.

पेन बघून त्यांनी हात असा मागे घेतला, जसा तापल्या तव्यावरून घ्यावा. "आज नाही. आज मी स्वतःचं नावसुद्धा लिहू शकत नाही."

धाकटीचा चेहरा पांढरा फटक पडला. तिला तो अपशकुन वाटला. मी घाईघाईनं सगळं सांगून टाकलं, मागची दोन, सोमवारचा टाका, आकडा, सासू. म्हातारबाबा नारळ मांडीवर घेऊन ऐकत होते, जसं कुणाचं तरी तान्हं मूल हातात आलंय आणि कुठे ठेवावं कळत नाहीये.

"पुस्तक दाखव," ते म्हणाले. चाळलं. "पण ही तर इंग्रजी अक्षरं! आमचा हिशेब आमच्या अक्षरांचा. मुली, या हिशेबानं मी आमचा फ्रीज पवित्र आहे हे सिद्ध करून दाखवीन. डिशवॉशर मात्र सैतान निघेल." म्हातारीबाई खो खो हसली. धाकटी हसली नाही.

"मग ताईत द्या. सगळे म्हणतात तुमच्याकडे असतो."

त्यांनी पुस्तक मिटलं. मग हळू आवाजात म्हणाले, "आमच्या गावात प्रत्येक बाळंतिणीच्या भिंतीला असे कागद लावलेले असायचे. देवदूतांची नावं लिहिलेले. माझ्या आईच्या खोलीत होते, मावश्यांच्या खोलीत होते. एकही घर त्यांच्याशिवाय नव्हतं. महायुद्धात ते गावच पुसलं गेलं. भिंती नाहीत आणि त्या भिंतींआड जन्मलेलं कुणी नाही. मी वाचलो, कारण मला आधीच इकडे काकाकडे पाठवलं होतं. मी कुणालाही ताईत देत नाही."

इतकी वर्षं कुंपणावरून टोमॅटो आणि दोडक्यांची देवाणघेवाण केली, आणि हे मला माहीत नव्हतं. पण धाकटी उठायला लागली होती, दाराकडे वळली होती, आणि मला सोमवार दिसत होता. मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हटलं, "थोडं खोटं बोला ना. आकडा चांगला आहे म्हणा. तुमचं काय जातं?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं शेजार संपला आपला. "ज्या अक्षरांनी देवानं जग केलं, त्यांच्या नावानं? खोटं?"

मला रागच आला. एका बाईच्या पोटचा जीव टांगणीला आणि यांना अक्षरांची पडली! मी काही बोलणार, तोच म्हातारीबाई त्यांच्या समोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"जीव वाचवायचा असेल तर शनिवार मोडायचा, हे तूच सांगतोस ना सगळ्यांना? शनिवार मोडतो, मग तुझा हट्ट का मोडत नाही?"

त्यांनी मांडीवरचा नारळ बाजूला ठेवला. मग धाकटीला म्हणाले, "बस. मला एक सांग. तुला काय वाटतं, कशामुळे गेली ती दोघं?"

कुणी तिला हे विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही. ती बसली आणि भडाभडा बोलली. पहिल्या वेळी तिनं पपई खाल्ली होती. दुसऱ्या वेळी ग्रहण होतं आणि तिनं भाजी चिरली होती, हातात सुरी धरली होती, इथे कुठे कुणी ग्रहण सांगतं. "आणि आता पुन्हा सुई," ती म्हणाली. "माझ्याच हातानं. माझंच पाप."

मग म्हातारबाबांनी तिला ती पोथीतली गोष्ट सांगितली.

आधी फक्त देव होता. त्याला त्यांच्या पोथीत नाव आहे, त्याचा अर्थ 'ज्याला अंत नाही तो'. आपण अनंत म्हणतो तसाच. सगळीकडे तोच, मग जग ठेवायचं कुठे? म्हणून त्यानं स्वतःला आत ओढून घेतलं आणि स्वतःच्या आतच एक मोकळी जागा केली. हे ऐकताना धाकटीचा हात आपोआप पोटावर गेला. त्या जागेत त्यानं भांडी केली आणि भांड्यांत आपला उजेड ओतला.

"आणि भांडी फुटली," म्हातारबाबा म्हणाले.

दोन गमावून बसलेली पोटुशी बाई समोर बसलीये, आणि हा माणूस तिला भांडं फुटल्याची गोष्ट सांगतोय! आपल्याकडे अशा बाईसमोर कप फुटला तरी 'फुटला' म्हणत नाहीत. मी म्हातारीबाईकडे बघितलं, की बाई, आवर याला. तीही डोळे विस्फारून बसलेली. तिनं ही गोष्ट नवऱ्याच्या तोंडून हजारदा ऐकली असेल, पण अशी, अशा बाईसमोर, कधी ऐकली नव्हती.

धाकटी मात्र ओठ घट्ट मिटून ऐकत होती. मग तिनं विचारलं, अगदी सरळ, जसं भाजीचा भाव विचारावा तसं,

"म्हणजे देवाचंही पहिलं पडलं?"

म्हातारबाबांचं तोंड उघडं राहिलं होतं. मला वाटलं, आता चिडतील, देवाबद्दल असं बोलली म्हणून. त्यांनी चष्मा काढला. पुन्हा घातला. "हो," ते म्हणाले. "हो. असंच म्हणायला हवं."

"कुणाच्या पापानं?"

"पाप करायला तेव्हा होतं कोण? माणूसच नव्हता. भांडी नवी होती आणि एकेकटी होती. आतला उजेड त्यांना पेलला नाही. बस."

"पपई नाही? सुरी नाही?"

"पपई तर त्याच्या खूप नंतर आली," म्हातारबाबा म्हणाले.

आणि धाकटी हसली. रडत रडतच हसली. नाक पुसून तिनं विचारलं, "मग दुसऱ्या वेळी?"

"दुसऱ्या वेळी त्यानं भांडी सुटी ठेवली नाहीत. एकमेकांत गुंतवली, बांधली. मग ती टिकली."

"बांधली म्हणजे... टाका घातला?"

म्हातारबाबांनी बायकोकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग छताकडे. "पोथीत तसा शब्द नाही," ते म्हणाले. "पण मी तुझ्याशी वाद घालणार नाही."

आता तुला वाटेल, गोष्ट इथे झाली. छे गं! धाकटी कोट घालत होती, तेवढ्यात म्हातारीबाई तिला हाताला धरून आतल्या खोलीत घेऊन गेली. मी मागोमाग. तिनं शिवणाच्या डब्यातून लाल रिबिनीचा एक तुकडा काढला आणि तिच्या मुठीत कोंबला. "माझ्या आईनं माझ्या पाळण्याला बांधला होता, मी माझ्या मुलाच्या बांधला. नजर लागत नाही. आज मला गाठ मारता येत नाही हनी, शनिवार आहे. घरी जाऊन तूच मार."

दारात म्हातारबाबा उभे! कपाळाला हात. "पन्नास वर्षं मी ज्याच्याविरुद्ध बोलतोय, ते माझ्याच घरात, शिवणाच्या डब्यात?"

"तू बोलत होतास म्हणूनच डब्यात होतं," ती म्हणाली. "नाहीतर भिंतीवर असतं."

सोमवारी धाकटीला मीच हॉस्पिटलात घेऊन गेले. तिच्या नवऱ्यालाही गॅरेजमधून ओढून काढलं. टाका घातला. ती सगळा हिवाळा उशांवर पाय ठेवून पडून होती. आम्ही बायका पाळीपाळीनं स्नोमधून डबे पोहोचवत होतो, आणि पाचवा महिना येऊन गेला त्या आठवड्यात आमच्यापैकी कुणी एकमेकींना फोनसुद्धा केला नाही, काय ऐकायला लागेल म्हणून. एप्रिलमध्ये मुलगी झाली. जरा घाईनं आली, पण रडली ती अशी की नर्सला कानात घालायला कापसाचे बोळे हवेसे वाटले असतील.

आता भिशी. बारशाला सगळ्या जमल्या आणि मी काय ऐकलं? "ज्यू बाबांनी मंत्रानं पिशवी बांधली." "शनिवारी बारा वाजता." "नारळ आपोआप फुटला म्हणे." मला विचारायला लागल्या, त्यांची अपॉइंटमेंट मिळेल का, कुणाच्या मुलाच्या ग्रीनकार्डाचं, कुणाच्या नवऱ्याच्या प्रमोशनचं. मी त्या खोलीत होते गं! माझ्या डोळ्यांदेखत झालेलं माझ्याच समोर दुसरंच होऊन बसलं होतं. मी सांगायला गेले तर म्हणतात कशा, "तुम्हाला नाही सांगणार ते, गुप्त असतं." तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, या म्हाताऱ्याच्या विद्येचं शेकडो वर्षं हेच होत आलं असणार. आत एक रडणारा, विचार करणारा माणूस बसलेला, आणि बाहेर दाराशी लोकांची रांग, लॉटरीचा नंबर विचारायला.

धाकटी पाळण्याशी बसली होती. पाळण्याला लाल रिबीन होती, नाही असं नाही. ती उठली नाही, आवाज चढवला नाही. म्हणाली, "टाका डॉक्टरीणबाईंनी घातला. बाबांनी मला एवढंच सांगितलं की माझं काही चुकलं नव्हतं. ते मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं." मग तिनं सांगलीहून आलेल्या सासूकडे बघितलं. सासूबाईंनी मान खाली घातली आणि पाळण्याची दोरी हातात घेतली. भिशी गप्प. तेवढा वेळ तरी गप्प.

म्हातारबाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले की त्या शनिवारी दिवस मावळल्यावर त्यांनी आपल्या एका जुन्या मित्राला फोन केला होता. दोघं तरुणपणापासून एकत्र ती पोथी वाचायचे. धाकटीचा प्रश्न त्याला सांगितला. मग मित्रानं विचारलं, "हा विद्वान कोण? कुठल्या गावचा?"

"मी म्हटलं, एक पोरगी आहे," म्हातारबाबा म्हणाले. "नारळ घेऊन आली होती." आणि सांगता सांगता त्यांचे डोळे भरले, इतके की मीच दुसरीकडे बघितलं.

ते दोघं आता नाहीत. त्या घरात तिसरं कुटुंब राहतं. पण तो प्रश्न अजून माझ्या अंगावर येतो बघ, भांडी घासताना, रस्त्यात गाडी थांबवलेली असताना, कधीही. आपल्या देवळांत इतकी वर्षं गेले, कुणा देवाबद्दल मला असं विचारावंसं वाटलं नव्हतं. देवाच्याही हातून निसटतं, आणि तो पुन्हा करायला बसतो. हे मला कुणी शिकवलं नाही, शेजारात ऐकलं.

अजून पुष्कळ आहे गं. म्हातारीबाईचंच एक पुस्तक होईल. पण लिहून लिहून बोटं दुखली माझी, आणि समोर माणूस असलं की मला जास्त नीट आठवतं. फोन पुरे झाले आता. थँक्सगिव्हिंगची वाट बघू नकोस, रस्त्यांवर बर्फ पडायच्या आधीच ये. तुझी खोली आवरून ठेवलीये, आणि वरच्या कपाटातले डबे काढायला मला तुझी उंची हवीये. ये लवकर.